मागावरची तेरा वर्षं

कारखान्याची हजेरी सांभाळणाऱ्या अंकितानं यादीतलं पहिलं नाव वाचलं आणि न थांबता ती पुढच्या ओळीवर गेली. "केराबाई मानसिंग लोंढे, तेरा वर्षं दोन महिने. धुळाप्पा, अकरा वर्षं पाच महिने. सयाजी, अकरा वर्षं एक महिना." मग तिनं कॉम्प्युटरवरून मान वर केली. टेबलासमोर धुळाप्पा आणि सयाजी छाती काढून उभे होते, खुर्चीत कारखान्याचे मालक इंद्रजीत बसले होते, आणि दारात, एक पाय आत एक बाहेर, खुद्द केराबाई उभी होती. ती आली होती चौदा नंबरच्या मागावरची ट्यूब पुन्हा गेली हे सांगायला. नाव ऐकल्यावर तिला आधी वाटलं, आपली काहीतरी चूक सापडली. नाव मोठ्यानं पुकारलं जातं ते चुकीसाठीच, हे शाळेपासून तिच्या डोक्यात बसलेलं. "म्हंजे नारळ कुणी फोडायचा?" धुळाप्पानं विचारलं. अंकिता गोंधळून म्हणाली, "तुम्हीच लिहून दिलंय ना, मागावरची वर्षं जास्त त्याचा नारळ. मग केराबाईंनी." एवढं बोलून ती आपल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण शोधायला लागली. त्या पोरीच्या वयाला त्यात काही आक्रीत दिसत नव्हतं. केराबाई मात्र ट्यूबचं सांगायचं विसरून तशीच माघारी वळली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला हा टॉवेलचा कारखाना काही मोठा नव्हता. पुढच्या शेडमध्ये पंधरा माग, मागच्या खोलीत शिलाईच्या आणि घडीच्या बायका. पण खंडेनवमी तिथं थाटात व्हायची. माग बंद ठेवायचे, पुसून लख्ख करायचे, प्रत्येकाला झेंडूची माळ घालायची. मागावर सगळ्यांत जुना जो असेल त्यानं एक नंबरपुढं नारळ फोडायचा, आणि मग तिथंच उभं राहून वर्षभराचे माग वाटून द्यायचे. कागद नाही, काही नाही. त्यानं आकडा आणि नाव पुकारायचं, सगळ्या शेडनं 'चालंल' म्हणायचं. एकदा चालंल म्हटलं की मालकालाही ते बदलता येत नसे. गेल्या वर्षापर्यंत हा मान नरसय्यामामांचा होता. गुडघे गेले म्हणून ते मुलाकडं भिवंडीला राहायला गेले, आणि धुळाप्पा आणि सयाजी महिनाभर भांडत बसले. एक म्हणायचा मी आधी आलो, दुसरा म्हणायचा मधली तुझी रजा वजा कर. शेवटी मालक वैतागले. लिहून द्या म्हणाले. दोघांनी लिहून दिलं, सह्या केल्या, वर एक नंबरच्या मागावर हात ठेवून शपथही घेतली. शपथ घेण्याआधी दोघांनीही शेडमधले सगळे गडी मनातल्या मनात मोजले होते. बायका मोजायच्या राहिल्या हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

ती चौदा नंबरवर परत आली, हँडल ओढलं आणि माग सुरू केला. पायाखालची फरशी तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत थरथरायला लागली. ही थरथर इतकी सवयीची होती की रविवारी घरी पाय कसे मेल्यासारखे वाटायचे. चौदा नंबर मागच्या भिंतीला होता, संडासाच्या बाजूला. तिथं वारा येत नसे, सुताचा बारीक कापूस पापण्यांवर बसे, आणि ट्यूब महिन्याला एकदा जाई. मधोमध, उत्तरेच्या मोठ्या खिडकीपाशी, नऊ नंबर होता. तिथं उजेडच असा पडायचा की सुताची तुटलेली तार न शोधता डोळ्याला दिसे. नरसय्यामामा दरवर्षी सगळे माग पुकारून झाले की सगळ्यांत शेवटी नऊ नंबर स्वतःच्या नावावर पुकारायचे, आणि सगळे चालंल म्हणायचे. चौदा आणि पंधरा बायकांचे. चौदा केराबाईचा, पंधरा साबेराचा. असं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही विचारलं नव्हतं. आता एकदम, ताण्याच्या उभ्या तारांकडं बघता बघता, तिला हसू यायला लागलं. दोन गडी महिनाभर एकमेकांचे गळे धरून भांडले आणि निकाल लागला केराबाईच्या बाजूनं! ती मोठ्यानं हसली. मागांच्या आवाजात बाई कितीही मोठ्यानं हसली तरी ऐकू जात नाही, ही त्या शेडची एक सोय होती. फक्त शेजारच्या साबेरानं तिच्याकडं बघितलं आणि हातानंच विचारलं, काय झालं? केराबाईनं हातानंच नारळ आपटून दाखवला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. साबेरा माग बंद करून पळतच आली. "तू?" तिनं कानाशी ओरडून विचारलं. "या अल्ला! मामूंचा नारळ तू फोडनार?"

जेवणाच्या सुट्टीत सयाजी आला. हातात डबा, तोंडावर गोड हसू. "अक्का, लई चांगलं झालं बरं का," तो म्हणाला. "आमाला काय, कुणीबी फोडला तरी द्येवाला पावतो. पर तुमाला सवय न्हाय. तुमी फकस्त हात लावा नारळाला, फोडतो मी. आन मागबी तुमच्या नावानं मीच पुकारतो. उगं तुमच्या डोक्याला ताप कशाला?" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हीच पंचाईत होती. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण तिचं ओझं हलकं करतोय. केराबाई म्हणाली, "बगू." आणि तो गेल्यावर भाकरी मोडता मोडता ती स्वतःवरच चिडली. बगू काय बगू? न्हाय म्हणता येत नव्हतं होय तुला? माढ्याजवळच्या तिच्या माहेरी बायकांची राखीव जागा आली तेव्हा शिवबाई नावाची बाई सरपंच झाली होती. खुर्चीत तिचा नवरा बसायचा, ती आतून चहा पाठवायची. एका पंधरा ऑगस्टला मोठे साहेब आले आणि म्हणाले, झेंड्याची दोरी सरपंचांनीच ओढायची. शिवबाईनं दोरी धरली, तर नवऱ्यानं वरून तिची मूठ धरली, पोराला अक्षर गिरवायला शिकवतात तशी. पेपरात फोटो आला त्यात दोरीवर चार हात होते. गावात सगळे हसले होते. केराबाईही हसली होती, तेव्हा ती नवी नवरी होती आणि हसणं सोपं होतं. आता तिच्या डोळ्यांपुढं एक नारळ आला आणि त्यावर तिचे दोन आणि सयाजीचे दोन असे चार हात, आणि कानशिलं तापली.

त्याहून वाईट म्हणजे सयाजी बोलला ते खरं होतं. तिनं जन्मात नारळ फोडला नव्हता. सत्तेचाळीस वर्षांत किती खोबरं खवलं असेल, किती वाटण वाटलं असेल, त्याला गणती नाही; पण देवापुढचा नारळ बाईनं फोडू नये, पोटाला बाधतं, असं आजीनं सांगितलं, आईनं सांगितलं, सासूनं सांगितलं, आणि स्वयंपाकघरातलाही नारळ कुणीतरी गडीमाणूस येता जाता फोडून ठेवायचा. नारळ फुटून हातात आला की तिथून पुढचं सगळं बायकांचं. म्हणजे उद्या खंडेनवमीला पंधरा माग, चाळीस माणसं आणि मालक यांच्यासमोर तिला आयुष्यातला पहिला नारळ फोडायचा होता. तो नाही फुटला तर पुढची वीस वर्षं लोक सांगतील, एकदा बाईच्या हातात दिला होता बघा. मग साबेराला कुणी देणार नाही, शिलाईतल्या पोरींना तर मागालाच हात लावू देणार नाहीत. दुपारभर ती तार जोडत राहिली आणि बोटं नेहमीप्रमाणं चालत राहिली. बोटांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ती आपली गाठी मारत होती.

या गाठी तिला नरसय्यामामांनी शिकवल्या, पण शिकवल्या म्हणणंही पूर्ण खरं नाही. नऊ वर्षं ती कांड्या भरायच्या मशीनवर होती, धोट्यात बसते ती सुताची कांडी, आणि येता जाता माग बघायची. एका श्रावणात चौदा नंबरचा माणूस गावाला गेला तो आलाच नाही, दिवाळीच्या मालाची घाई, आणि मामा ओरडले, "ए पोरी, नऊ वर्षं चोरून बघतीस, ये आता समोर!" तिनं उभ्या उभ्या तीन तारा जोडल्या तेव्हा मामांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग नको ते सगळं निघालं. पदर पट्ट्यात अडकंल, बाईला ताकद पुरत न्हाय, गडी माणसं बोलता बोलता शिव्या देत्यात ते बरं दिसत न्हाय. तिनं नवऱ्याचा, मानसिंगचा, जुना शर्ट साडीवर चढवला, पदर आत खोचला आणि म्हणाली, शिव्या मला तुमच्यापेक्षा जास्त येत्यात. मालक म्हणाले, बरं, आठ दिवसांसाठी. त्या आठ दिवसांची तेरा वर्षं झाली. कायम झालीस असं तिला कधीच कुणी म्हटलं नाही. रोज सकाळी ती हजेरी मांडायची तेव्हा तिला पुसट वाटायचं की आज कुणीतरी म्हणेल, आठ दिवस संपले.

सुटल्यावर रिक्षात साबेराच्या खांद्याला खांदा लावून बसताना तिला एक विचित्र शंका आली. हे आपल्याला मिळालं की सापडलं? रस्त्यात पडलेली वस्तू सापडते तसं? त्या दोघांनी आकड्याचा नियम केला नसता तर अंकितानं यादी काढली असती का? यादी काढली नसती तर आपण स्वतःहून गेलो असतो का मालकापुढं, की मीच जुनी, नारळ माझा? नसतो गेलो. मनाला हे लागलं. पण लगेच तिला आई आठवली, बजाबाई, आणि दुष्काळातल्या रस्त्याच्या कामाची ती गोष्ट, जी आई जेवताना, वेणी घालताना, भांडताना, कधीही सांगायची. मुकादम हजेरीत गड्यांची नावं लिहायचा आणि खाली एका ओळीत लिहायचा, बायका अकरा. आईला वाचता येत नव्हतं, पण आपल्या ओळीत नाव बसण्याएवढी जागा नाही हे तिला दिसलं. "अकरा म्हंजे काय रं?" ती म्हणाली होती. "शेरडं हाईत व्हय आमी? माजं नाव लिव." मुकादम म्हणाला, तेवढी जागा न्हाय. आई खडीच्या ढिगावर बसली आणि उठलीच नाही. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी, आणि रस्ता तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी मुकादमानं कागद उभा फाडून दुसरा जोडला आणि अकरा नावं लिहिली. आई रोज संध्याकाळी त्याला म्हणायची, बोट ठेव माज्या नावावर, बगू दे. त्या अकराजणींतल्या आठजणींना तरी ते फुकट सापडलंच असणार. म्हणून काय त्यांचं नाव त्यांचं नव्हतं? अंकिताच्या कॉम्प्युटरात तेरा वर्षं दोन महिने जमा झाले ते कुणी रस्त्यात टाकले नव्हते. ते तिनं रोज सात ते सात उभं राहून केले होते. तिला एकदम इतकं मोकळं वाटलं की तिनं साबेराची मांडी चापटली. "क्या हुआ गे?" साबेरा दचकली. "काय न्हाय," केराबाई म्हणाली. "हक्काचं हाय."

कोपऱ्यावरच्या दुकानात तिनं तीन नारळ घेतले. "कुटल्या द्येवाला, मावशी?" दुकानदारानं विचारलं. "कुटल्याच न्हाय. शिकाया पायजेत." तो हसला, मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. घरामागच्या कपडे धुवायच्या दगडाशी ती पहिला नारळ घेऊन बसली. पदर खोचला, शेंडी वर धरली, हात उचलला, तेवढ्यात मानसिंग टेम्पो लावून आत आला, म्हणाला, "आण हिकडं," आणि तिला कळायच्या आत नारळ तिच्या हातातून त्याच्या हातात गेला आणि खाडकन दोन तुकडे झाले. "हं, घे," तो म्हणाला. केराबाई अशी ओरडली की शेजारची खिडकी उघडली. सगळी हकीकत ऐकून मानसिंग तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. "अगं, हात आपसूकच गेला," तो म्हणाला. "सत्तावीस वर्सं फोडतुय." मग तो भिंतीला टेकून बसला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, पुन्हा जाऊ नयेत म्हणून. दुसरा नारळ तिनं भीत भीत आपटला. सहा दणके झाले तरी नुसत्या चिरा पडल्या. मानसिंगचा जीव खालीवर होत होता, खांदे उडत होते, पण हात त्यानं काढले नाहीत. "मनगट न्हाय गं, खांद्यातनं," तो कळवळून म्हणाला. "आन मदल्या शिरंवर." तिसरा दोन दणक्यांत फुटला. पाणी तिच्या पोटावर उडालं आणि ती ओरडली, आणि मानसिंगही ओरडला. त्याला इतका आनंद झाला की तो खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून अंगणातच फेऱ्या मारायला लागला. त्या संध्याकाळी आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, आणि शेंगाचटणीखेरीज घास न उतरणाऱ्या घरात चटणीही खोबऱ्याची झाली. जेवताना तिला आठवलं, लेक वैष्णवी दहावीला असताना इतिहासाचा धडा मोठ्यानं पाठ करायची. कुठल्या कुठल्या देशांतल्या बाया मतासाठी तुरुंगात गेल्या, कुठं काळ्या माणसांनी बसमध्ये पाय ठेवायचा सोडला आणि वर्षभर चालत कामावर गेली. केराबाई पोळ्या लाटत ऐकायची आणि एकदा तिनं विचारलं होतं, "त्या तुरुंगात गेल्या तवा त्यांच्या घरी पोळ्या कोण लाटत हुतं?" वैष्णवी म्हणाली होती, ते पुस्तकात नाही, आई. आज केराबाईनं न बोलता ताट मानसिंगकडं सरकवलं आणि तोही न बोलता घासायला घेऊन गेला.

सकाळी शेड ओळखू येत नव्हती. माग गप्प होते, आणि त्या शांततेत माणसं उगाचच मोठ्यानं बोलत होती. झेंडूचा वास, तेलाचा वास, धुतलेल्या फरशीचा ओला वास. शिलाईतल्या पोरी आज पुढं येऊन उभ्या होत्या, एरवी त्या प्रसादापुरत्याच यायच्या. साबेरा हिरवी साडी नेसून आली होती. मालकांनी पूजा केली आणि नारळ केराबाईच्या हातात दिला. सयाजी तिच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला, बाह्या वर करून, तयारीत. कालच्या 'बगू'चा त्यानं होकार धरला होता. ती एक नंबरपुढच्या दगडाशी वाकली. मधली शीर, खांद्यातून. तिनं आपटला, आणि तळवा घामानं ओला होता म्हणून नारळ निसटला, उडाला, घरंगळत दोन नंबरच्या मागाखाली गेला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच हसले. सयाजीनं चपळाईनं वाकून नारळ काढला, पुसला, आणि तो काही तिला परत देईना. नारळ त्याच्या उजव्या हातात आपोआप फोडायच्या बेतानं धरला गेला. "ऱ्हाऊ द्या अक्का," तो हळूच म्हणाला. "लागंल हाताला." त्या क्षणी तिला त्याचा राग आला नाही, हे तिलाच नवल वाटलं. काल मानसिंगचे हात गेले तसेच याचे गेले होते. तिनं हात पुढं केला. "आणा," ती म्हणाली. तो मुद्दाम देत नव्हता असं नाही, ती काय मागतेय हे त्याला कळेचना. ती हात तसाच धरून उभी राहिली. शेडमध्ये आता कुणी हसत नव्हतं. "द्ये की रे सयाजी, शपथ घेतलीया आपन," मागून धुळाप्पा म्हणाला. सयाजीनं नारळ दिला. तिनं तळवा साडीला पुसला आणि एकच दणका घातला. भकलं दोन, आत पांढरंशुभ्र. पाणी दगडावरून फरशीवर, मालकांच्या पायांपर्यंत गेलं. शिलाईतल्या पोरींनी अशी आरोळी ठोकली की बाहेरचा वॉचमन आत आला.

आता माग. ती एक नंबरशेजारी उभी राहिली. "एक नंबर, धुळाप्पा." "चालंल!" दोन, तीन, चार. आवाज सुरुवातीला चिरकला, मग बसला. आठला पोचली तेव्हा मागं कुजबुज सुरू झाली. नऊ तिनं सोडला, मामा सोडायचे तसाच. दहा, अकरा. तेरा आणि पंधरा नंबर तिनं गड्यांच्या नावानं पुकारले आणि साबेराला बारा दिला, दारापाशी. साबेराच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर इतकं हसू, की तिला स्वतःलाच चालंल म्हणता येईना. मग चौदा. "चौदा नंबर, सयाजी." केराबाई म्हणाली, "त्या मागाची सगळी दुखणी मला पाठ हाईत, सांगते तुमास्नी. ट्यूब तेवडी बगा." सयाजीनं मान खाली घातली, मग वर केली. अकरा वर्षं तो मागच्या भिंतीला कधी गेला नव्हता हे त्यालाही ठाऊक होतं. "चालंल," तो म्हणाला, आणि मग सगळे म्हणाले. राहिला नऊ. मालक कौतुकानं बघत होते. "केराबाई मोठ्या मनाच्या आहेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आणि तिला समजलं की सगळी शेड वाट बघतेय, आता ती तो कुणाला देते याची. रात्री झोप लागेपर्यंत तिनंही तेच घोळवलं होतं. एखाद्या म्हाताऱ्याला द्यावा, सयाजीला देऊन गोड करावं, सगळे म्हणतील बाई असून किती दिलदार. जन्मभर तिनं मोठी भाकरी दुसऱ्याच्या ताटात वाढली होती आणि लोकांनी तिला चांगली म्हटलं होतं. खिडकीतून ऊन नऊ नंबरच्या ताण्यावर पडलं होतं, एकेक तार वेगळी दिसत होती. तिला तो माग हवा होता. किती हवा होता! तेरा वर्षं हवा होता, आणि हे तिनं कधी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"नऊ नंबर," ती म्हणाली, आणि मग स्वच्छ, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात, स्वतःचं नाव पुकारलं. "केराबाई."